गावानं ठरवलंय

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीजवळ हेरवाड नावाचं गाव आहे. ऊस, दूध, कारखान्याची तोड कधी येते याची वाट आणि पावसाळ्यात पुराची धास्ती, अशी त्या पट्ट्यातली गावं असतात तसंच हेही. ४ मे २०२२ रोजी इथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत आणि तिला कुठल्याही कार्यक्रमातून बाजूला ठेवायचं नाही. दोनच दिवसांनी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होत होती. सरपंच सुरगोंडा पाटील आणि त्यांच्या गावानं शताब्दीचं निमित्त असं सार्थकी लावलं. दोनएक आठवड्यांत राज्य सरकारचं परिपत्रक निघालं, सगळ्या ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा म्हणून.

तेव्हापासून मला गावांच्या ठरावांचा नाद लागला आहे. कुठल्या गावानं काय ठरवलं, का ठरवलं, पुढं काय झालं, हे मी शोधत असते. त्यातली काही गावं मी पाहिली आहेत, बरीचशी वाचून आणि माणसांशी बोलून माहीत आहेत. लोकसभेत कायदा झाला की आपण दिवसभर त्याची चर्चा करतो. पण बाई घराबाहेर कशी वागते, पोरगं संध्याकाळी काय करतं, मयताच्या घरी कोण जातं, हे ठरतं चाळीस-पन्नास घरांच्या आळीत. तिथं काय ठरतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हेरवाडच्या ठरावात ज्या गोष्टी एका ओळीत येतात, त्या प्रत्यक्षात कशा होतात हे मी माझ्या चुलतीच्या बाबतीत पाहिलं आहे. काकांना नेण्याआधीची वेळ. अंगणात माणसं उभी, तिरडी बांधून झालेली. चुलतीला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणलं. गल्लीतली एक म्हातारी, स्वतः तरुणपणी विधवा झालेली, पुढं झाली. अशा वेळी तिलाच बोलवायचे, कारण सवाष्णीनं हे करायचं नाही असा रिवाज. तिनं चुलतीचे दोन्ही हात धरून मनगटं एकमेकांवर आपटली. हिरवा चुडा होता, संक्रांतीला भरलेला. सगळ्या बांगड्या एका दणक्यात फुटत नाहीत. दोन-तीन राहिल्याच, त्या म्हातारीनं उंबऱ्याच्या दगडावर हात दाबून फोडल्या. एक काच मनगटात घुसली आणि रक्ताची बारीक धार कोपरापर्यंत आली. मग अंगठ्यानं कुंकू पुसलं, ते भुवयांपर्यंत फासलं गेलं. मंगळसूत्राच्या वाट्या फडक्यात बांधून आजीच्या हातात दिल्या. काच मनगटात तशीच होती. ती काढायचं सुचलं रात्री, तेही माझ्या आत्येबहिणीला.

त्या अंगणात एकाही बाईला ते करायचं नव्हतं, असं मी खात्रीनं सांगू शकते. पुढं कितीदा तरी त्या विषयावर बोलणं झालं. आजी म्हणायची, माझा जीव तुटत होता, पण मी थांबवलं असतं तर गाव काय म्हणालं असतं? ज्या म्हातारीनं बांगड्या फोडल्या, ती त्या दिवशी घरी जाऊन जेवली नाही. आत्या म्हणाली, मला वाटलं वहिनीच्या माहेरचे थांबवतील. माहेरच्यांना वाटलं, सासरचं काम, आपण कसं बोलायचं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या नजरेला भ्याला आणि सगळ्यांनी मिळून ते केलं.

नंतरची वर्षं तर अंगावर रक्त न काढता गेली. चुलतीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात हळद लावायला ती पुढं आली नाही. तिला कुणी अडवलं नाही, ती आपणहून मागं थांबली, पानसुपारीचं ताट भरत बसली. पोटच्या मुलीच्या लग्नात! रुखवतातली करंजी न् करंजी तिनं केलेली होती. जावयाला ओवाळायला माझी आई गेली.

यात गुन्हेगार कोण? पोलिसांत तक्रार करायची तर कुणाचं नाव घालायचं? कायदा माणसाला पकडतो, आणि इथं पकडायला माणूसच नाही. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. त्यानंतर ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा कायदा पूर्णपणे त्यांच्या बाजूनं होता. गाव नव्हतं. कोकणातल्या मुरूडला, त्यांच्या स्वतःच्या गावात, त्यांना वाळीत टाकलं गेलं. त्याआधी १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनी ठरवलं, की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. केशवपनाविरुद्ध लेख, भाषणं, अर्जविनंत्या होत होत्याच. पण ज्याच्या हातात वस्तरा त्यानंच तो खाली ठेवला, ही गोष्ट वेगळ्या ताकदीची होती. माझ्या गल्लीतल्या त्या म्हातारीला ‘मी करणार नाही’ म्हणायची सोय असती, तर तिनं ती आनंदानं घेतली असती.

ही सोय ग्रामसभेच्या ठरावानं मिळते. हेरवाडच्या ठरावाला शिक्षेचं कलम नाही. सरकारचं परिपत्रकही आवाहनच करतं, सक्ती करत नाही. शहरातले लोक विचारतात, मग उपयोग काय? उपयोग असा, की अंगणात उभ्या असलेल्या नणंदेला, जावेला, भावाला आता एक वाक्य हाताशी असतं: ‘गावानं ठरवलंय.’ धीट माणसाला ठराव लागत नाही. तो लागतो ज्याला पटलंय पण पुढं व्हायचा धीर नाही त्याला, आणि गावात अशीच माणसं जास्त असतात. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत हे सगळं पाहिलं आणि स्टँपपेपरवर लिहून दिलं, की माझ्यानंतर माझ्या पत्नीवर यातलं काहीही लादू नये. हेरवाडचा ठराव होण्यामागं त्यांनी गावोगाव केलेली खटपट होती. स्टँपपेपर एका घरापुरता, ठराव गावाचा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत दीड तास मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. हेही २०२२ मधलंच, ऑगस्टमधलं. कोरोनात शाळा मोबाइलवर आली, पुढं शाळा सुरू झाली तरी मोबाइल हातातून सुटेना. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून आठवण करून देत होते.

ज्यांच्या घरात शाळकरी मूल आहे त्यांना या भोंग्याची किंमत कळेल. एकट्या आईनं मोबाइल काढून घेतला की मूल म्हणतं, शेजारच्याला चालतं, मलाच का नाही. शेजारची आईही तेच ऐकत असते. दोघी रोज संध्याकाळी हरतात. गावानं एकदम ठरवलं की त्या भांडणातली हवाच जाते, कारण शेजारच्याचाही बंद असतो. आणखी एक गोष्ट मला फार आवडली: तिथं बापाचाही मोबाइल बंद होतो आणि सासूची मालिकाही. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या लोकांनी बारा गावांत मोबाइलवर बंदी घातली होती. ती फक्त अविवाहित मुलींना. मोबाइल तोच, बंदी तीच, पण एका ठिकाणी ठरवणाऱ्यांनी स्वतःला त्यात धरलं आणि दुसऱ्या ठिकाणी सभेत नसलेल्या पोरींवर निर्णय टाकून मोकळे झाले. कुठलाही ठराव हाती आला की मी आता आधी एवढंच बघते, की त्यानं हात कुणाचे बांधलेत. ठरवणाऱ्यांचे, की जे बोलू शकत नाहीत त्यांचे?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातलं सौंदाळा घ्या. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठरवला. दंडाचा मार्ग मला फारसा पटत नाही, कारण तो शेवटी गरिबाच्याच खिशातून जातो. पण भांडण दोन पुरुषांचं, बांधावरून नाहीतर पाण्याच्या पाळीवरून, आणि विटंबना घरात भाकरी थापत बसलेल्या बाईची, ही गोष्ट गावानं भर सभेत उच्चारली, याचं मोल मला मोठं वाटतं. याच नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दाराची फळी नसलेलं गाव म्हणून देशभर ठाऊक. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही या श्रद्धेवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दारं उघडी ठेवली. २०११ मध्ये तिथं एका राष्ट्रीयीकृत बँकेनं बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा फोटोग्राफरांची रीघ लागली होती. सगळ्या गावानं एकमेकांवर एवढा विश्वास टाकायचा, ही थोर गोष्ट आहे. पण त्याच गावात शनीच्या चौथऱ्यावर बाईनं चढायचं नाही, हेही तितक्याच एकमतानं पाळलं जात होतं. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं बायकांना देवळात जाण्याचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं, त्यानंतर गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. घरांना दार नव्हतं, देवाच्या पायरीला मात्र होतं.

एकमताची ही दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवायचा मला हक्क नाही. जी आळीची नजर हेरवाडला बाईच्या बाजूनं उभी राहते, तीच रायगडात, रत्नागिरीत घरंच्या घरं वाळीत टाकते. कोकणातल्या गावकीचा बहिष्कार ज्यांनी सोसलाय त्यांच्याकडून मी ऐकलं आहे. कुणी दारात येऊन भांडत नाही. दुकानदार फक्त ‘साखर संपली’ म्हणतो. गिरणीवाला दळण घेत नाही. लग्नाची पत्रिका येत नाही. शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते, अंगणं सारवून, रांगोळी काढून बायका वाट बघत असतात, आणि पालखी एका घरापुढून न थांबता निघून जाते. मुलं विचारतात, देव आपल्याकडं का नाही आला? आणि घरात कुणी वारलं तर खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत.

अशा बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्यात १९४९ मध्ये कायदा झाला होता. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये तो रद्द केला, कारण धार्मिक समूहाच्या अंतर्गत कारभाराचा हक्क त्यात आड आला. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं वाळीत पडलेल्या माणसाला धरायला स्वतंत्र कायदाच नव्हता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींच्या विरोधात मोहीम उभी केली, पीडित घरं पुढं आली, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथं मात्र कायदा हवाच होता, कारण इथं निरोप धाडणारा, बैठक बोलावणारा, दंड मागणारा माणूस असतो. त्याचं नाव तक्रारीत घालता येतं.

ग्रामसभेचा शिक्का असला म्हणूनही ठराव चांगला होत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेत कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना जागा द्यायची नाही असा ठराव झाला. मढीची यात्रा म्हणजे अठरापगड भटक्या जमातींची यात्रा. वाटेल तिथून माणसं येतात, पालं पडतात, पंचक्रोशीतल्या पोटापाण्याची तजवीज त्यावर होते. गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव रद्द ठरवला, ते योग्यच झालं. पण मला बोचलं ते हे, की ज्यांना बंद केलं त्यांना कुणी सभेत विचारलं नसणार. ज्याच्याबद्दल ठरतंय तो सभेत बसलेला असेल, तर त्याच्या तोंडावर हात वर करणं अवघड जातं.

म्हणूनच मला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा हे त्यांच्यातले जाणते. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. कागदावर हक्क मिळाला, तरी आपल्या जंगलातला बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना द्यायला वनखातं तयार नव्हतं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ मध्ये घराघरांनी आपल्या शेतजमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावानं केल्या. जिथं बांधाच्या वीतभर जागेसाठी भाऊ भावाच्या डोक्यात कुदळ घालतो, त्याच महाराष्ट्रात हे घडलं.

आणि तिथं निर्णय बहुमतानं होत नाही. सर्वसहमती लागते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेला जातो, तिथंही नसेल पटत तर त्यापुढच्या. मधल्या काळात अभ्यासगट बसतो, जाणत्यांना बोलावून माहिती घेतो. शहरी माणसाला हे वेळखाऊ वाटेल. मला त्यात दुबळ्याचं संरक्षण दिसतं. पन्नास हात वर झाले आणि तीन खाली राहिले, तर आपण मंजूर म्हणून पुढं जातो. ते तीन हात बहुतेक वेळा त्याच त्याच घरांचे असतात. मेंढ्यात त्या तिघांना उठून बोलावं लागतं आणि बाकीच्यांना थांबून ऐकावं लागतं.

बाकी महाराष्ट्रात ग्रामसभा कशी होते? कायद्यानं एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळं कितीतरी गावांत पहिली सभा ‘कोरमअभावी तहकूब’ लिहायची आणि दुसरी दहा-बारा जणांत उरकायची, अशी वहिवाट पडली आहे. रजिस्टरवर सह्या आणि अंगठे मागाहून घरोघर फिरवून घेतात. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती खरोखर भरते अशी गावं आहेत, पण भरली न भरली तरी इतिवृत्तात भरलेली असते अशी त्याहून जास्त आहेत.

बायकांना खरंच मोजलं तर काय होतं आणि मोजायची रीत कशी अवघड करता येते, हे दारूबंदीच्या मतदानात दिसतं. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिलांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतात. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळावं अशी ही सुंदर योजना आहे. पण आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतांतली निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला पडतं. बीडची बाई दिवाळीनंतर कोयता घेऊन साखरपट्ट्यात गेलेली असते, तिचं मत बाटलीला. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव यादीतून निघालेलं नसतं, तेही बाटलीला. वारलेल्या म्हातारीचं सुद्धा बाटलीला. आमदार-खासदार निवडायला अशी अट नाही. तरीही गावोगावच्या बायकांनी ही मतदानं जिंकली आहेत, कडेवर पोरं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आहेत. मला त्यांच्याबद्दल किती आदर वाटतो हे सांगायला शब्द पुरत नाहीत.

वरून आलेला बदल आळीत उतरला नाही तर त्याचं काय होतं, याचं मला छळणारं उदाहरण साताऱ्याचं आहे. दुसरी, तिसरी मुलगी झाली की तिचं नाव ‘नकुशा’ ठेवायचं, म्हणजे देव ऐकेल आणि पुढचा मुलगा होईल, असा काही घरांत समज होता. शाळेच्या हजेरीपटावर रोज सकाळी ते नाव पुकारलं जायचं आणि पोरगी ‘हजर’ म्हणायची. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली. काहींनी ती स्वतः निवडली. चांगलंच केलं, प्रशासनानं मनापासून केलं. पण गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण २००१ मध्ये हजार मुलग्यांमागं ९१३ होतं, ते २०११ मध्ये ८९४ वर आलं. नकुशा म्हणून का होईना, त्या २८५ जणी जन्माला आल्या होत्या. ज्या आल्याच नाहीत त्यांच्यासाठी कुठल्या सभेत उभं राहायचं?

यामागं शेवटी जमीन आहे, घर आहे. मुलगा हवा तो जमिनीला वारस म्हणून, आणि विधवेला मागं उभं करायचं ते तिनं हिस्सा मागू नये म्हणून, असं मला वर्षागणिक अधिक पटत चाललं आहे. कुंकू लावायला मोकळीक दिलेली बाई जर दिराच्या मर्जीवर एका खोलीत राहत असेल, सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायला तलाठ्याकडं खेटे घालत असेल, संजय गांधी निराधार योजनेच्या महिना १५०० रुपयांसाठी दाखले गोळा करत फिरत असेल, तर हेरवाडचा ठराव अर्धाच झाला. आणि उरलेला अर्धा बराचसा ग्रामपंचायतीच्याच हातात आहे. घरपट्टीचा नमुना नंबर ८ पंचायतीच्या कपाटात असतो. घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी हे सरकारनं २००३ मध्येच सांगितलं आहे. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. अर्ज घ्यायचा, मासिक सभेत ठेवायचा, नोंद करायची. नवरा जिवंत असताना बायकोचं नाव तिथं चढलेलं असेल, तर तो गेल्यावर तिला घराबाहेर काढणं सोपं राहत नाही.

माझी चुलतभावजय गेल्या निवडणुकीत सदस्य झाली. बारावी झालेली, शिवणकाम करते, सभेत बोलायला लागली आहे. मी तिला हेरवाडच्या ठरावासारखा मसुदा लिहून पाठवला, खाली नमुना नंबर ८ चं कलम जोडून: गावातल्या प्रत्येक घराला पत्नीचं नाव वर्षभरात लावायचं, अर्ज पंचायतीनंच घरोघर नेऊन भरून घ्यायचे. काल रात्री तिचा फोन आला.

“ताई, वाचलं मी. वरचं सगळं मंजूर होईल. बांगड्याचं, कुंकवाचं. आता कुणी नाही म्हणत नाही त्याला. गेल्या महिन्यात शेवाळ्यांच्या घरी मयत झालं, कुणी फोडल्या नाहीत.”

“मग?”

“खालच्या कलमाला उठतील सगळे. आपल्या घरातूनच उठतील पहिले. तुमचे भाऊ.”

“दादाला मी बोलते.”

“तुम्ही बोलू नका, तुम्ही बोललात की पुण्याहून शिकवलं म्हणतात. मी काय म्हणते, आत्यांना सभेत आणते. सासूबाईंना. त्यांचं नाव नाही घराला अजून. सोळा वर्षं झाली मामंजींना जाऊन. त्यांनी उठून मागितलं तर हे नाही कसं म्हणतील?”

चुलती आयुष्यात कधी ग्रामसभेला गेलेली नाही. ती येईल का, असं मी विचारलं.

“विचारलं मी. आधी म्हणाल्या, मी काय बोलणार त्यात. मग भाकरी करता करता म्हणाल्या, माझं नाव कसं लिहितात तिथं, नवऱ्याचं लावून का बापाचं? म्हणजे येतील. आणि वरचं कलम खाली, खालचं वर घेतलंय मी. आधी घराचं होऊ दे, बांगड्यांचं कुठं पळून जात नाही. तेवढा मसुदा बदलून पाठवा, महिला सभा चोवीस तारखेला आहे.”